पाकिटावर काय लिहायचं

डिसेंबर लागला की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये एक लहानसं पाकीट टेबलावर येऊन पडतं. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं पाकीट. वर नाव, खाली रक्कम, आणि सोबत एक ओळ, उपकार कशाबद्दल त्याची. बहुतेक वर्षी ती ओळ भरायला अर्धं मिनिटही लागत नाही. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला, मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी उपासनेत ही कारणं वाचून दाखवली जातात, मंडळी ‘आमेन’ म्हणते, आणि बाहेर पडताना दोन जण आवर्जून हात हातात घेतात.

मग एखादं वर्ष असं येतं की पेन उघडून बसलं तरी ती ओळ रिकामीच राहते. वडगाव शेरीच्या किंवा वानवडीच्या फ्लॅटमध्ये आई-वडील दोघंच असतात. मुलगा-सून टोरांटोत, मुलगी लंडनमध्ये. फोनवर सांगणं येतं, “आई, आमच्याही नावानं पाकीट टाक.” रक्कम किती ते ठरतं. कारण काय लिहायचं, यावर मात्र दोन्हीकडे क्षणभर शांतता.

परदेशातली अडचण घरच्या अडचणीपेक्षा निराळी असते, कारण तिला तारीख जोडलेली असते. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. १५ नोव्हेंबरला नोकरी गेली तर नाताळ बरोबर चाळिसाव्या दिवशी येतो. बायबल वाचणाऱ्या घराला हा आकडा ओळखीचा आहे. अरण्यातली वर्षं चाळीस, उपवासाचे दिवस चाळीस. पण ओळखीचा आहे म्हणून तो हलका होत नाही. इकडे पुण्यात कुणी गेलं तर व्हिसाच्या कागदांमुळे येता येत नाही, आणि दफनविधी मोबाईलच्या पडद्यावर पाहावा लागतो. शिक्षणाचं कर्ज रुपयात, पगार दुसऱ्या चलनात, आणि तोही थांबलेला. अशा घराला “देवाचे आभार माना” असं सहज सांगून निघून जाणं मला बरोबर वाटत नाही. सांगायचंच असेल तर कसं मानायचे, तेही सांगावं.

सुरुवात व्याकरणापासून करता येते. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या अठराव्या वचनात, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं म्हटलंय. शब्द ‘स्थितीत’ असा आहे, ‘स्थितीबद्दल’ असा नाही. सप्तमीचा ‘त’ आहे तो. मूळ ग्रीकमध्येही तिथे ‘एन’ हाच शब्द आहे, म्हणजे ‘मध्ये’. एका अक्षराचा फरक, पण दुःखातल्या माणसाच्या छातीवरचा दगड तेवढ्यानं उतरतो. कर्करोगाबद्दल आभार मानायला कुणी सांगितलेलं नाही. नोकरी गेल्याबद्दल नाही, बाप गेल्याबद्दल तर नाहीच नाही. त्या काळोखात उभं राहून, हाताला जे लागतं त्याबद्दल मानायचे आहेत. ‘सगळं देवाची इच्छा’ म्हणत वाईटालाच चांगलं ठरवण्याची जी सवय आपल्याकडे बोलण्यात मुरली आहे, तिनं किती तरी जणांना उपासनेतून हळूच मागच्या बाकावर आणि तिथून दाराबाहेर नेलं आहे.

हाताला काय लागतं ते शोधण्याची एक साधी रीत आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारी साधी शंभर पानी वही काढायची. तिथपासून नाताळापर्यंत, वर्षानुसार, २२ ते २८ दिवस मिळतात. रोज रात्री जेवणानंतर तीन ओळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोण, कधी, काय. ‘चांगल्या शेजाऱ्यांबद्दल’ ही ओळ झाली नाही. ‘मंगळवारी बर्फ पडत असताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी धाकट्याला शाळेतून आणलं’ ही ओळ झाली. ‘आरोग्याबद्दल’ नाही, ‘गुरुवारी आईचा ताप १०१वरून उतरला आणि तिनं स्वतः पेज मागितली’. माणूस, वार आणि वस्तू नसली की उपकार हवेत विरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो आठवतही नाही.

हे चौथ्या-पाचव्या दिवशी अडतं. पहिल्या तीन दिवसांत घर, तब्येत, मुलं, अन्न असं सगळं मोठं मोठं लिहून संपलेलं असतं, आणि मग तेच शब्द फिरून येऊ लागतात. इथे एक नियम लावावा: एकदा आलेली ओळ परत नाही. मग नजर आपोआप खाली येते, बसच्या ड्रायव्हरकडे, दवाखान्यात मराठीत बोलणाऱ्या नर्सकडे, वाण्याकडच्या उधारीकडे, भाडं पंधरा दिवस उशिरा चालेल म्हणणाऱ्या घरमालकाकडे. आठवड्यानंतर वही जड जाते, पण खरी होऊ लागते. एखाद्या रात्री एकही ओळ सुचली नाही तर फक्त तारीख घालून पान कोरं सोडावं. दुसऱ्या दिवशी सहा ओळी लिहून भरपाई करू नये. कोरं पानही त्या वर्षाचं खरं पान असतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे, कारण ती भक्तीसारखी दिसते: “आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत, त्या मानानं आपलं बरं.” लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, नेमकी हीच प्रार्थना करतो. तोही देवाचे उपकारच मानतो, आपण इतर माणसांसारखे नाही म्हणून. आणि येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा माणूस, छाती बडवून घेणारा जकातदार. दुसऱ्याच्या दुःखावर उभी केलेली कृतज्ञता टिकत नाही. उद्या आपण त्या दुसऱ्याच्या जागी आलो की ती कोसळते. म्हणून वहीत ‘इतरांपेक्षा’ हा शब्द दिसला की ती ओळ खोडावी.

आणि रडण्याला जागा ठेवावी, आभारांच्या आधी. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एकशे सदतिसाव्यात बाबेलात बंदी होऊन तिथल्या नद्यांकाठी बसलेली माणसं विचारतात, परक्या मुलखात परमेश्वराचं गीत कसं गावं? परदेशातल्या घरानं नाताळच्या आधीच्या आठवड्यात हे स्तोत्र एकदा मोठ्यानं वाचावं असं माझं मत आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते बोलायला लागल्यावर. दुःखातल्या घरी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरं तर नाताळची गोष्टच परमुलखातल्या कुटुंबाची आहे. आपण गव्हाणीच्या देखाव्यापाशी थांबतो, आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातलं पुढचं पान पटकन उलटतो. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, सोनं, ऊद आणि गंधरस देऊन जातात, आणि मग योसेफ रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसर देशाकडे निघतो. पाठीमागे बेथलेहेमात लेकरं मारली जातात, आणि मत्तय तिथे आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीचं जुनं वचन आणून ठेवतो. ती सांत्वन पावत नाही, असं स्पष्ट लिहितो. म्हणजे नाताळच्या मूळ मजकुरातच एक न थांबणारं रडणं आहे, आणि ते कुणी पुसलेलं नाही. ज्या घरात या वर्षी एक खुर्ची रिकामी आहे, त्या घराला हे पान उपयोगी पडतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, आणि त्याच्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल आभार मानावेत, म्हणजे तो शनिवारी आणायचा ती मासळी, त्याचं गाणं म्हणतानाचं चुकणं, त्यानं शिकवलेली सायकल. नाव टाळलं तर सगळं टेबल त्या टाळण्याभोवतीच फिरत राहतं.

पुण्याचं म्हणाल तर या शहरातल्या नाताळालाही परगावच्या लोकांनीच सुरुवात केली. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा १७९२ साली, सवाई माधवरावांच्या काळात, पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक लोकांसाठी मिळाली. चाकरीसाठी घर सोडून आलेली माणसं ती. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५चं, आणि तेही समुद्रापलीकडून आलेल्या मिशनऱ्यांनी उभं केलेलं. त्याचा घंटेचा मनोरा देवळापासून वेगळा उभा आहे. आज टोरांटोत किंवा लंडनमध्ये परकेपणानं बसलेल्या पुणेकराला हे माहीत असावं की त्याच्या गावच्या देवळांच्या पायात असाच परकेपणा भरलेला आहे.

उलट्या दिशेनं गेलेलं एक माणूस तर मराठी ख्रिस्ती घरांत नेहमीच आठवलं जातं. पंडिता रमाबाई १८८३ साली पुण्याहून इंग्लंडला गेल्या. आई, वडील, बहीण, भाऊ आधीच गेलेले. नवरा १८८२मध्ये गेला. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकीय शिकायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं ते सुटलं. सोबत आलेली मैत्रीण तिथेच दगावली. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्याच वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरचा पहिला नाताळ त्यांना परक्या देशात आला, पंचविशीतली विधवा म्हणून. पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशनचं काम उभं राहिलं, आणि साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या अखेरपर्यंत खपल्या. उपकार मानायचे ते आपल्या बोलीत, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. परदेशातल्या लेकरांना मराठी वाचता येत नसेल तरी जेवणाआधीची एक प्रार्थना मराठीतून पाठ असावी. चार ओळी पुरतात.

आता स्वयंपाकघर. हातात पैसे कमी असलेल्या वर्षी आठ पदार्थ निम्मे निम्मे करण्यापेक्षा एकच पदार्थ पूर्ण करावा, आणि तो कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ, असावा. एक तर स्वस्त, दुसरं म्हणजे तो एकट्यानं करायचा पदार्थच नाही. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १५० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ, चार मोठे चमचे कडकडीत मोहन, आणि मळायला साधारण २०० मिली नारळाचं दूध. दूध एकदम ओतायचं नाही; साखर विरघळली की पीठ स्वतःच सैल पडतं. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा धुतलेल्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं पसरायची आणि गुंडाळायची. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात ती उलगडते. मोहन जास्त झालं तर कुलकुल तेलात फुटतात, साखर जास्त झाली तर आत शिजण्याआधी बाहेरून काळे पडतात. आच मध्यम, चाचणीचा तुकडा टाकल्यावर हळूहळू वर यायला हवा. कढईत गर्दी केली की तेल निवतं आणि कुलकुल तेलकट होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत, नाहीतर वाफेनं मऊ पडतात.

परदेशात दोन गोष्टी हमखास बिघडतात. इंग्लंडमध्ये ‘सेल्फ रेझिंग’ पीठ चुकून आणलं की त्यात आधीच बेकिंग पावडर असते, आणि कुलकुल फुगून सुटे होतात. तिथे ‘प्लेन’ पीठ घ्यायचं; जर्मनीत ४०५ क्रमांकाचं. दुसरं, तळणाच्या धुरानं फ्लॅटमधला धुराचा अलार्म वाजतो. खिडकी आधीच उघडावी, स्वयंपाकघराचं दार लावावं, तेल धुरावू देऊ नये. अलार्मवर पिशवी बांधण्याचा उपाय काही जण सुचवतात, तो मात्र कधीच करू नये.

अर्धा किलोचे कुलकुल वळायला चार जण असतील तर तासभर लागतो, एकट्याला अख्खी संध्याकाळ जाते. म्हणूनच म्हणतो, दोन्हीकडे एकाच वेळी करावेत. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. पुण्यात आजी वळते, तिकडे नातवंडं वळतात. काम हातात असलं की बोलणं सोपं होतं. “कसं चाललंय?” याला समोरासमोर उत्तर देणं अवघड, काट्यावरून गोळी सोडवताना मात्र माणूस खरं ते बोलून जातो.

पुण्याहून डबा पाठवायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच निघावा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून घरगुती पार्सलनं मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे खवा, पेढे, तुपाची बाटली बाद. कुलकुलात नारळाचं दूध असतंच. मोहनही तेलाचं घातलं की प्रश्न मिटतो. करंजी वाटेत चुरते. कुलकुल टिकतात, बरणी काठोकाठ भरली तर. आत रिकामी जागा राहिली की आपटून भुगा होतो. कस्टमच्या फॉर्मवर आत जे आहे तेच लिहावं.

आणि त्यातला एक डबा शेजारी जावा. पुण्यात फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून सगळ्या मजल्यांवर जातं, हिंदू-मुसलमान घरांत आधी, कारण दिवाळीचं आणि ईदचं आपल्याकडे आलेलं असतं. तिकडे शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसतं. तरी दार वाजवावं. डब्यावर चिठ्ठी लावावी: यात गहू आणि नारळ आहे. वहीत ज्याचं नाव लिहिलं आहे त्याच्याकडे तर नक्कीच जावं. उपकार देवाजवळ मानले, हे ठीक. ज्याच्या हातून ते आले त्या माणसालाही कळायला हवेत.

पंचवीस तारखेचं एकटेपण पुण्यातून कळत नाही. इथे त्या दिवशी दार सकाळपासून उघडं असतं. लंडनमध्ये त्या दिवशी रेल्वे नाही, भुयारी गाडी नाही, बस नाही. देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर २४च्या रात्रीची उपासना गाठावी, किंवा मंडळीतल्या कुणाला तरी गाडीसाठी आधीच विचारावं. विचारायला संकोच वाटतो, पण विचारलेलं माणसांना आवडतं. जर्मनीत मुख्य सण २४च्या संध्याकाळी. दुकानं दुपारी दोनपर्यंत बंद होतात आणि २५, २६ उघडत नाहीत, तेव्हा दूध-भाजी २३लाच भरावी. दुबईत तो कामाचा दिवस असू शकतो. आणि बर्लिन, लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. पुण्यात तो सहाच्या सुमारास मावळतो. या दोन तासांचं ओझं मनावर येतं, त्यासाठी नाताळची कागदी चांदणी आधीच लावून ठेवावी.

चांदणी विकत घ्यायची गरज नाही. सारख्या लांबीच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या. टोकं दोऱ्यानं बांधायची, दोन्ही चांदण्या टोकाला टोक लावून जोडायच्या, आणि आतल्या पाच छेदांवर बोटाएवढ्या पाच काड्या आडव्या अडकवल्या की पोट फुगतं. वरून पतंगाचा कागद, आत पाच वॅटचा एलईडी. जुना तापणारा बल्ब घालू नये, कागद करपतो. खिडकीच्या आतून टांगली तरी रस्त्यावरून दिसते.

सगळ्यांच्या फोनची वेळ ठरवताना गोंधळ होतो तो असा की प्रत्येक जण आपल्या सोयीची वेळ सांगतो. मेलबर्न, लंडन आणि टोरांटो असे तिन्हीकडे लोक असतील तर पुण्याचे पाच बरे. मेलबर्नला रात्रीचे साडेदहा, लंडनला सकाळचे साडेअकरा, टोरांटोला पहाटेचे साडेसहा. टोरांटोवाल्याला उठावं लागतं, पण मध्यरात्र कुणाचीच होत नाही. फोनवर वहीतली एकेक ओळ प्रत्येकानं वाचावी. लहान पोरांवर सक्ती नको. ती ऐकत असतात. जो या वर्षी वाचू शकत नाही त्यानं गप्प बसलं तरी चालेल, त्याची ओळ दुसऱ्या कुणी वाचावी.

पाकीट त्यानंतर भरावं. रक्कम दर वर्षीएवढी नसेल तर नसू दे. देवळाच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे येशूनं बोट दाखवलं होतं, आणि तिच्याकडे तेवढंच होतं. रिकाम्या ओळीत वहीतली सर्वांत नेमकी ओळ उतरवावी, जशीच्या तशी, वारासकट. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ लिहू नये. वाचताना पाळकांचा आवाज थोडा थांबेल, मंडळीतल्या तीन-चार घरांना कळेल की यांचं वर्ष कसं गेलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतलं कुणी तरी दार वाजवील.

काहींना २५पर्यंतही ओळ सापडत नाही. त्यांच्यासाठी ३१ची रात्र असते. वर्ष संपवायच्या उपासनेला पुण्यात लोक अकराच्या आधीच जमतात, उभं राहून साक्ष देतात, आणि बाराला घंटा होते. तेव्हा टोरांटोत दुपारचे दीड वाजलेले असतात. जुनं वर्ष तिकडे अजून साडेदहा तास उरलेलं असतं, आणि वही टेबलावर उघडी असते.